नऊ दिवस चाललेला पट्टा

नर्सरीवाल्या बाईंची गाडी दोराला बांधून शेडमध्ये आली, तेव्हा धाकट्याने मनातल्या मनात पेट्रोल संपलेलं असावं म्हणून हात जोडले. पेट्रोल नसेल तर पंप जळलेला असू दे. बॅटरीची तार निघालेली असू दे, उंदराने वायर खाल्लेली असू दे. काहीही चालेल, फक्त टायमिंगचा पट्टा नको. कारण तो पट्टा नऊ दिवसांपूर्वी याच शेडमध्ये दाजींनी घातला होता.

दाजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान आणि गॅरेजचे मालक. गिऱ्हाइकांच्या तोंडी ते 'मोठे मिस्त्री' आणि हा 'धाकटे मिस्त्री'. धाकटा आता बेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावरचे निम्मे केस निरोप घेऊन गेले होते, पण धाकटेपण काही सुटलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी वडील गेले, तेव्हा ताईने हाताला धरून त्याला इथे आणून उभं केलं होतं. दाजींनी त्याला पाना कसा धरायचा इथपासून सगळं शिकवलं, आणि मायेने वगैरे नाही, चांगलं फैलावर घेऊन शिकवलं. तो कुणाच्या जिवावर मिस्त्री झाला हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

गेल्या वर्षापासून दाजींचे डोळे गेले होते. पूर्ण नाही; मधोमध डाग पडला होता, कडेकडेचं तेवढं दिसायचं. समोरच्या माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. "तुझं नाक दिसत नाही यात माझा काही तोटा नाही," असं ते धाकट्याला म्हणत आणि स्वतःच हसत. काम ते बोटांनी करत. आणि बोटं अशी, की डोळेवाल्यांनी तोंडात बोट घालावं. इंजिनाच्या पाठीमागे, जिथे आरसा धरूनही काही दिसत नाही, तिथे त्यांचा हात घरातल्यासारखा वावरायचा.

पण दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एका गाडीच्या दोन प्लगच्या वायरी उलटसुलट लावल्या. गाडी फाटकाबाहेर जायच्या आधीच ठसकायला लागली म्हणून निभावलं. ताईच्या कानावर गेलंच. तिने रात्री जेवताना दोघांना समोर बसवलं. "यांच्या हाताखालून गेलेली गाडी रस्त्यात बंद पडली, की त्या दिवशी शेडच्या किल्ल्या माझ्या हातात. कुणाच्या जिवावर बेतेपर्यंत मी थांबणार नाही," ती म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं. दाजींनी पानातून हात न उचलता सांगितलं, "कबूल." आणि दाजींचा शब्द म्हणजे शब्द.

घरी बसणं म्हणजे काय ते धाकट्याने बघितलं होतं. मधे डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची म्हणून दाजी तीन आठवडे घरी होते. पहिल्या आठवड्यात घरातले सगळे नळ दुरुस्त झाले. दुसऱ्या आठवड्यात न बिघडलेलं घड्याळ दुरुस्त झालं आणि त्यानंतर ते बंदच पडलं. तिसऱ्या आठवड्यात धाकटा भर दुपारी औषध पोचवायला गेला, तर दाजी पलंगाच्या काठावर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. दाढी वाढलेली, रेडिओ बंद. "काय करताय दाजी?" त्याने विचारलं. "बसलोय," ते म्हणाले. हा माणूस घरी बसला तर वर्ष काढणार नाही, हे त्या आवाजावरून धाकट्याला तेव्हाच कळून चुकलं होतं.

म्हणून आज पट्टा नको होता.

"वळणावर जरा पाय काढला आणि गप्पच झाली," बाई सांगत होत्या. मागच्या सीटवर आणि डिकीत मिळून त्यांची साठ-सत्तर रोपं होती, उन्हाने माना टाकलेली. "आधी काहीतरी खटखट वाजलं. मग चावी फिरवली तर नुसतीच गरगरते. काल संध्याकाळपर्यंत कशी पळत होती हो!"

"खटखट?" दाजींनी विचारलं.

"बाटली लोळली असेल डिकीत," धाकटा घाईने म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की जन्मात कधी त्यांच्या डिकीत बाटली लोळली नसावी.

खरं तर धाकट्याकडे एक भक्कम आधार होता, पण तो दाखवायची सोय नव्हती. त्या वायरींच्या प्रकारापासून, गेले दोन महिने, तो दाजींच्या प्रत्येक कामामागे चोरून फिरत होता. दाजी हात धुवायला गेले की टॉर्च आणि आरसा काढायचा, त्यांनी केलेलं सगळं तपासायचं, आणि ते यायच्या आत आरसा खिशात. दाजींना कळलं असतं तर त्यांनी त्याला शिवी दिली नसती, नुसते गप्प झाले असते, आणि ते शिवीपेक्षा वाईट. नऊ दिवसांपूर्वीही दाजी पट्टा चढवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून, "बोल्ट आवळ आणि झाकण लाव," असं सांगून नळावर गेले. धाकटा लगेच आरसा घेऊन वाकला. वरच्या चाकाची खूण वरच्या खुणेशी, खालच्या चाकाची खालच्या खुणेशी. केसभरही फरक नाही. विश्वास बसेना म्हणून त्याने पुन्हा एकदा बघितलं. तेवढ्यात चपला वाजल्या. त्याने आरसा खिशात कोंबला आणि झाकण लावून मोकळा झाला. म्हणजे पट्टा बरोबर बसला होता, हे त्याने दोन दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मग गाडी पट्ट्यामुळे बंद पडेलच कशी?

या हिशेबावर त्याने सकाळचे दोन तास काढले.

आधी पेट्रोल. चावी अर्धी फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणतो. गुणगुणला, छान सुरात गुणगुणला. मेल्याचा राग आला धाकट्याला. मग ठिणगी. एक प्लग काढून त्याने इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला आणि बाईंना चावी फिरवायला सांगितली. निळीशार ठिणगी पडली, टक टक टक. एवढी चांगली ठिणगी त्याने महिन्याभरात बघितली नव्हती. मग फ्यूज, मग वायरी. सगळं जागच्या जागी.

दाजी एवढा वेळ बाजूच्या लोखंडी स्टुलावर बसून होते. मान एका बाजूला कललेली. मघाशी बाईंनी चावी फिरवली तेव्हापासून ती तशीच होती.

"पुन्हा एकदा फिरवायला सांग," ते म्हणाले.

बाईंनी चावी फिरवली. स्टार्टर सरसर फिरला. निरोगी इंजिन असं फिरत नाही. ते दर फेऱ्याला अडतं, जोर लावतं, पुढे जातं, पुन्हा अडतं; हे तर शिवणयंत्रासारखं न अडखळता पळत होतं. धाकट्यालाही ते पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. पण ऐकू येणं आणि कबूल करणं यांत त्याने जमेल तेवढं अंतर ठेवलं होतं.

"दम नाही," दाजी म्हणाले.

"बॅटरी फुल आहे ना, म्हणून जोरात फिरतंय."

"काय मेव्हणे," दाजी हसले, "हे कुणाला शिकवताय?"

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, मोजावाच लागला. धाकट्याने चारी प्लग काढले आणि पहिल्या भोकात गेज बसवलं. बाईंनी चावी फिरवली. काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या भोकात जरा थरथरला. तिसऱ्यात नाही, चौथ्यात नाही.

"किती?" दाजींनी विचारलं. काट्याचा आकडा त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

"पहिल्यात नव्वद," धाकट्याच्या तोंडून गेलं. "कमी आहे, पण आहे."

दाजी स्टुलावरून उठले, चाचपत पुढे आले आणि पहिल्या भोकावर अंगठा दाबून धरला. "फिरवा बाई." स्टार्टर फिरला. अंगठा भोकावर तसाच, जसा दाराच्या कडीवर ठेवलेला. "नव्वद असते तर माझा अंगठा उडाला असता," ते शांतपणे म्हणाले. पुढच्या तिन्ही भोकांवर त्यांनी अंगठा ठेवून बघितला. मग तो टॉवेलला पुसला. "व्हॉल्व्ह वाकलेत. पट्टा सरकला."

धाकट्याला आता पळवाट उरली नव्हती. इंजिनाच्या तळाचा दांडा पिस्टन वरखाली करतो, माथ्यावरचा दांडा व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो, आणि त्या दोघांचा ताल तो दातेरी पट्टा सांभाळतो. पट्टा चार-दोन दात सरकला की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. मग व्हॉल्व्ह नीट मिटतच नाहीत, आणि दाब धरायला जागाच उरत नाही. पेट्रोल द्या, ठिणगी द्या, काही उपयोग नाही.

"तू झाकण उघड," दाजी म्हणाले. "मी बाईंशी बोलून येतो. काम माझं होतं, तोंडही माझंच दिसू दे."

ते बाईंना घेऊन दाराशी गेले. धाकटा त्यांचं बोलणं ऐकत झाकणाचे स्क्रू काढत होता. "इंजिनाचं हेड उतरवावं लागेल. दहा दिवस धरून चाला. सगळं आम्हीच करून देऊ, तुम्हाला काही बघायचं नाही." बाईंचा आवाज चढला. मग "माझी ही रोपं?" असं काहीतरी, आणि मग तोही आवाज खाली गेला. दाजी सफाई देत नव्हते. डोळ्यांचा विषयही त्यांनी काढला नाही.

झाकण निघालं. पट्टा सैल लोंबत होता, खुणा एकमेकींपासून चार दात लांब. एवढं तर ठरलेलंच होतं. धाकट्याने टॉर्च आणखी खाली नेला आणि टेन्शनरच्या बोल्टवर येऊन थांबला.

टेन्शनर म्हणजे पट्ट्याला एका बाजूने रेटून धरणारं छोटं चाक. त्याचा बोल्ट ढिला ठेवायचा, स्प्रिंगला पट्टा ओढून घेऊ द्यायचा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, पट्टा दोन बोटांत धरून पिळून ताण बघायचा. एवढं दाजी करत. त्यानंतर बोल्ट पूर्ण आवळायचा. ते धाकट्याचं काम. आणि आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची, अर्धी बोल्टवर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. ही या गॅरेजची रीत होती. पुढे कधी बोल्ट सुटायला लागला तर रेघ तुटलेली दिसते, आणि रेघ अखंड असेल तर बोल्ट जिथे सोडला तिथेच आहे.

रेघ अखंड होती. धाकट्याला हायसं वाटलं. त्याने सवयीने बोल्टला दोन बोटं लावली, आणि बोल्ट फिरला. बरणीचं झाकण फिरावं तसा, काही जोर न लावता फिरला.

बोल्ट सुटला असता तर रेघ तुटली असती. रेघ तुटली नव्हती, म्हणजे बोल्ट सुटला नव्हता. तो कधी आवळलाच गेला नव्हता. ढिल्या बोल्टवर रेघ ओढली गेली होती. नऊ दिवस बिचाऱ्या स्प्रिंगने एकटीने पट्टा धरून ठेवला, आणि आज एका वळणावर तिने हात टेकले. त्याला ती दुपार लख्ख आठवली. आरसा, टॉर्च, वरची खूण, खालची खूण, पुन्हा एकदा वरची खूण. चपलांचा आवाज. खिसा. रंगाची काडी. झाकण. सगळं आठवलं, पाना तेवढा हातात घेतलेला आठवेना. दाजींची चूक शोधायच्या नादात तो स्वतःचं काम विसरला होता.

आणि मग त्याच्या हाताने ते केलं. त्यात त्याचं डोकं नव्हतं, असं तो पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगणार होता, आणि ते निम्मं खरंही होतं. तेवीस वर्षं पाना धरलेल्या हाताला ढिला बोल्ट बघवत नाही. त्याने रॅचेट उचललं, बोल्टला लावलं आणि कर्र कर्र करून गच्च आवळून टाकला. पिवळी रेघ मधोमध तुटली. तुटलेली रेघ बघितल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते. मग त्याने पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं घेऊन ती पुसली. हे मात्र हाताने आपोआप केलं नव्हतं.

"काय दिसतंय?" दाजी त्याच्या पाठीशी येऊन उभे होते.

"चार दात सरकलाय."

दाजींनी बाही वर सारली आणि हात आत घातला. त्यांची बोटं पट्ट्यावरून सावकाश फिरली, लोंबणाऱ्या बाजूशी थांबली, चाकावरून खाली उतरली आणि बोल्टवर आली. त्यांनी तो एका बाजूला रेटून बघितला, दुसऱ्या बाजूला रेटून बघितला. मग पुन्हा पट्टा. मग पुन्हा बोल्ट. धाकटा त्यांच्या मनगटाकडे बघत होता.

"बोल्ट घट्ट आहे," दाजी म्हणाले.

धाकट्याने रॅचेट आवाज न करता टेबलावर ठेवलं.

"बोल्ट घट्ट आणि पट्टा सैल. म्हणजे ताण कमी होता. तू आवळलास ते बरोबरच आवळलंस, मी तुला सैल पट्टा दिला." त्यांनी हात बाहेर काढला आणि बोटं डोळ्यांसमोर धरली, जरा बाजूला, जिथून त्यांना दिसत असे तिथे. "पिळून बघितला होता रे मी. चांगला कडक लागला होता."

इथे धाकट्याने तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. त्यासाठी पुढे त्याने शंभर कारणं गोळा केली: बाई दारात उभ्या होत्या, दाजींच्या मागे गॅरेज त्यालाच चालवायचं होतं, गिऱ्हाईक फिरलं असतं, ताईला एवीतेवी दाजी घरीच हवे होते. यातलं एकही खरं नव्हतं. त्याला लाज वाटली, बस. तेवीस वर्षं ज्या माणसाने शिकवलं त्याच्यासमोर 'मी बोल्ट आवळायला विसरलो' म्हणायची लाज वाटली. आणि का विसरलो, हे सांगायची तर त्याहून जास्त.

"दाजी," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. हात पुसा."

दाजींनी फडकं घेतलं. "डोळे गेले ते कळलं होतं मला," ते हळू आवाजात म्हणाले, बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. "त्याचं काही नाही. म्हटलं, बोटं आहेत. आता बोटंही गेली, आणि मला पत्ता नाही." मग त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं तू होतास. दुसऱ्या कुणी काहीतरी सांगून माझी समजूत घातली असती. तू चार दात म्हणजे चार दात सांगितलेस."

धाकट्याने मान खाली घातली. दाजींना ती दिसली नाही.

बाईंची रोपं शेडच्या सावलीत उतरवायला दाजींनी स्वतः हात लावला. एकेक पिशवी तळाशी धरून ते भिंतीशी मांडत होते, आणि बाई तोंड आवळून का होईना, "इकडे, जरा इकडे," असं सांगत होत्या. एक भाड्याची गाडी आली, बाई गेल्या. मग दाजींनी खिळ्यावरचा सदरा घातला, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि धाकट्यापुढे धरला.

"तुझ्या ताईला दे. मी कबूल केलं होतं."

"तुम्हीच द्या ना दाजी. इतकी काय घाई आहे? उद्या बोलू."

"उद्या काय वेगळं असणार आहे?"

धाकट्याने किल्ल्या घेतल्या. दाजी निघाले, पण कामाच्या टेबलाशी येऊन थांबले. तिथे एका थाळीत सुटे नट पडले होते, पाच-सहा मापांचे, काल धुऊन ठेवलेले. त्यांनी त्यातला एक उचलला, अंगठा आणि बोटाच्या मधे धरून फिरवला, पुन्हा फिरवला. असा किती तरी वेळ ते उभे होते. एवढा वेळ त्यांना नट ओळखायला कधी लागला नव्हता. आणि त्यांनी कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

"तेराचा ना रे हा?"

धाकट्याने जवळ जाऊन बघितलं. खात्री करण्यासाठी त्याने तेराचा पाना उचलला आणि नटाला लावला. चपखल बसला.

"तेराचाच आहे, दाजी."

"खरं?"

"खरंच सांगतो. पाना लावून बघितला. तेराचाच आहे."

दाजी जरासे हसले. त्यांनी तो नट धाकट्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"मन राखतोस माझं," ते म्हणाले, आणि भिंतीला हात लावत घराकडे निघाले.